पुढच्या पाळीचा माणूस

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आईवडिलांचं नाव घेत नाही. त्यांनी केलं त्याला उपकार म्हणणं मला बरं वाटत नाही. मी नईम अन्सारी सरांचं नाव घेतो. आणि ते नाव घेतलं की मला आधी राग येतो, बाकी सगळं नंतर. ज्या शुक्रवारी सर आमच्या ऑफिसातून कायमचे गेले, त्याच शुक्रवारी ऑफिसात केक कापला. तो कंपनीच्या वर्धापनदिनाचा होता. सरांचा टॉवेल अजून त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर होता. कोणीतरी क्रीमचे हात त्या टॉवेलला पुसले. मी ते पाहिलं. केक मीही खाल्ला.

आमचं ऑफिस अंबडला, कारखान्यांच्या रांगेत, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. निफाड, दिंडोरीकडची जी कोल्ड स्टोरेज आहेत, म्हणजे द्राक्षं गार ठेवायच्या मोठ्या खोल्या, त्यांच्यासाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. कुठल्या खोलीत किती तापमान, कुठलं दार उघडं, कुठला पंखा बंद, घंटा कधी वाजवायची, हे सगळं आमचा प्रोग्राम बघतो. मी पेठ तालुक्यातला. आश्रमशाळेत शिकलो, आणि आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला माणूस मीच. नोकरी लागली तेव्हा आई म्हणाली होती, "गार खोल्यांचं काम हाय ना, मंग स्वेटर घेऊन जा." मी ती खोली पहिल्यांदा पाहिली ती नोकरी लागल्यावर आठ महिन्यांनी. हेही चुकलंच होतं, पण ते मला फार उशिरा कळलं.

सर मालेगावचे. पन्नाशी ओलांडलेले, सडपातळ, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेला शर्ट. टेबलावर स्टीलचा थर्मास, त्यात बिनदुधाचा चहा. तो चहा ते कोणाला देत नसत आणि कोणी मागतही नसे. कोड ते पडद्यावर वाचत नसत. कागदावर छापून घ्यायचे, खिडकीपाशी उभे राहायचे आणि लाल पेन हातात घेऊन मोठ्याने वाचायचे. एखादी ओळ फार लांबली की मध्येच धापा टाकायचे, छातीवर हात ठेवायचे. "पाणी आणा रे कोणीतरी. हे वाक्य लिहिणारा माणूस माझ्या जिवावर उठलाय." लिहिणारा समोरच बसलेला असायचा.

छापलेल्या कागदावर ते आपला तळहात ठेवायचे. एका कामाचा कोड त्या तळहाताखाली झाकला गेला तर ठीक. बाहेर डोकावला की लाल रेघ. "यात दोन कामं आहेत. वेगळी करा." सरांचा तळहात मोठा होता, एवढीच आमची सोय.

त्यांची आणखी एक सवय होती, ती पहिल्याच आठवड्यात माझ्या वाट्याला आली. सर खूश असले की "तू" म्हणायचे. रागावले की "अहो" सुरू व्हायचं. जितका राग जास्त तितका आदर जास्त.

"गावित साहेब, जरा इकडे या."

मी गेलो. माझा पहिला कोड त्यांच्या हातात होता.

"हे 'ए' कोण आहेत?"

"सर, खोलीतलं तापमान."

"आणि 'बी'?"

"बाहेरचं तापमान."

"आणि हे 'एफ वन'?"

"दार उघडं आहे की नाही, ते."

"म्हणजे तुम्हाला सगळं माहीत आहे. मग मलाच का सांगत नाही? माझ्याशी काही वैर आहे का तुमचं?"

सगळे हसले. मी हळूच म्हणालो, "सर, इंग्रजी लांब शब्द लिहिला की स्पेलिंग चुकतं. मग सगळे हसतात. म्हणून एक अक्षर ठेवतो. एका अक्षराचं काय चुकणार?"

सरांनी कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "मराठीत लिही."

"सर?"

"अक्षरं इंग्रजी ठेव, शब्द मराठी लिही. 'दार_उघडे_आहे'. मशीनला काय, ते जर्मनसुद्धा घेईल."

शेजारच्या टेबलावरचा स्वप्नील म्हणाला, "सर, मग तो ग्रामपंचायतीचा कोड वाटेल."

सर त्याच्याकडे वळले. "स्वप्नील साहेब, काल तुमच्या कोडमध्ये 'डेटा टू फायनल न्यू' नावाचं काहीतरी होतं. त्यात काय ठेवलंय ते सांगता का?"

"ते… बघावं लागेल सर."

"बघा. दाराला दार म्हणतात हे यांना न बघता माहीत आहे."

वर्षभरात माझी इंग्रजी नावं सुधारली. पण ते पहिलं 'दार_उघडे_आहे' मी बदलायला गेलो तेव्हा सरांनी बदलू दिलं नाही. आजही ते तिथेच आहे.

नावांच्या बाबतीत ते वेडेच होते. हिशेब बघणाऱ्या मीनाताईंना ते दिवसातून एकदा तरी हाक मारायचे. मीनाताईंचा आणि कोडचा काहीही संबंध नव्हता, म्हणूनच सरांना त्या लागायच्या.

"मीनाताई, 'प्रोसेस डेटा' असं नाव आहे. हे काय करत असेल?"

"डेटा प्रोसेस करत असेल बाई."

"म्हणजे काय?"

"मला काय माहीत? तुमचंच ऑफिस."

"ऐकलंत? म्हणजे घराच्या पाटीवर 'माणूस' असं लिहिलंय. पोस्टमनने काय करायचं?"

मीनाताई जाता जाता म्हणायच्या, "यांना बायको घरात काही शोधायला लावत नसेल. सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या असतील." आणि सर गंभीरपणे उत्तर द्यायचे, "आहेत. तिनेच लावल्यात. मी तिच्याकडूनच शिकलो."

ते खरं नव्हतं. ते कुठून शिकले ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, ऑफिसच्या खालच्या टपरीवर, भर दुपारी. त्यांचे वडील मालेगावात यंत्रमागावर कामाला होते. दिवसपाळीचा माणूस उठायचा आणि त्याच मागावर दुसऱ्या पाळीचा बसायचा. दोघांची भेट म्हणजे दारात सलाम, एवढीच. म्हणून त्या कारखान्यात एक रीत होती. मागात कुठे खोट असली, कुठे तात्पुरतं काही बांधलेलं असलं, तर त्या जागी लाल चिंधी बांधून जायची. येणारा माणूस आधी चिंधी शोधायचा आणि मग माग चालू करायचा. एका माणसाने एकदा धोट्याचा, म्हणजे सूत घेऊन मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या लाकडी तुकड्याचा, तुटका पट्टा सुतळीने बांधला आणि चिंधी न बांधता घरी गेला. पुढच्या पाळीला सरांचे वडील बसले. सुतळी सुटली, धोटा उडाला आणि वडिलांच्या उजव्या डोळ्यावर बसला.

"तो माणूस वाईट नव्हता," सर म्हणाले. "दवाखान्यात येऊन रडला. म्हणत होता, नईमचे अब्बा, माग तर चालत होता ना!" सरांनी चहाचा ग्लास टपरीच्या फळीवर इतक्या जोरात ठेवला की चहावाल्याने वळून पाहिलं. "चालत होता! मला हा शब्द ऐकवत नाही, गावित. चालतंय. कोणासाठी चालतंय? तुझ्यासाठी चालतंय. तू तर उठून घरी चाललास."

म्हणून सर चिठ्ठी ठेवायचे. छापलेल्या कागदांच्या कोऱ्या बाजूचे चौकोनी तुकडे कापून ठेवलेले असत. ऑफिसातून निघताना, रजेवर जाताना, दाताच्या डॉक्टरकडे दोन तास जायचं असलं तरी, ज्याच्याकडे काम सोपवलं त्याच्या कीबोर्डखाली चिठ्ठी. तिच्यात चार गोष्टी ठरलेल्या: काय केलं, का केलं, काय राहिलं, कशाला भ्यायचं. आमच्यात विनोद होता की सर हात धुवायला गेले तरी चिठ्ठी ठेवतील. कोडमध्येही त्यांना तेच हवं असायचं. "काय चाललंय ते नावांवरून कळलं पाहिजे. का चाललंय ते तू वर एका ओळीत लिही. बास. कादंबरी नको."

आता ज्याच्यामुळे मला अजून राग येतो त्याच्याकडे येतो.

आमच्या प्रोग्रामचा सगळ्यात जुना भाग मालकांनी, म्हणजे नीलेश सरांनी, स्वतः लिहिला होता. कंपनी उभी राहिली ती त्याच्यावर, आणि त्यांना त्याचा फार अभिमान होता. "पंधरा दिवसांत एकट्याने लिहिलंय," असं ते प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे. ते खरंही होतं, आणि वाचताना ते कळायचंही. त्या भागात खोलीत अडकलेल्या माणसासाठीची घंटा होती. प्रत्येक गार खोलीत आतल्या बाजूला, दाराजवळ एक बटण असतं. दार चुकून बाहेरून लागलं तर आतल्या माणसाने ते दाबायचं, की तिथल्या, कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात मोठी घंटा वाजते. पण क्रेटची गाडी भिंतीला घासली तरी ते बटण दाबलं जायचं. म्हणून प्रोग्राम थोडा थांबायचा. तेवढ्यात दार उघडलं तर घंटा वाजायची नाही. किती थांबायचं, त्या आकड्याचं नाव होतं 'टी-टू'. त्याच्या वरच्याच ओळीत 'टी-वन' होतं. टी-वन सेकंदात होतं. टी-टू मिनिटात. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते फक्त नीलेश सरांच्या डोक्यात होतं, आणि पुढे त्यांच्याही डोक्यात राहिलं नव्हतं.

अन्सारी सरांनी तो भाग वाचला तेव्हापासून तो त्यांच्या घशात अडकलेला होता. तीन वेळा त्यांनी लेखी दिलं: आठ दिवस द्या, फक्त नावं बदलतो, एककं लिहितो, बाकी कशाला हात लावत नाही. तिसऱ्या वेळी मी तिथेच उभा होतो.

"अन्सारी, क्लायंटला पडद्यावर ते नाव दिसतं का?"

"नाही."

"प्रोग्राम चालतोय ना?"

सरांनी लेखी कागद पुढे सरकवला.

"चालतोय ना? मग हात लावायचा नाही. आठ दिवसांत मला नवीन स्क्रीन पाहिजे. त्या दिसतात."

मला आता वाटतं, आमच्या धंद्यातलं सगळं पाप त्या एका शब्दात आहे. दिसतात. दिसेल तेवढं चकचकीत ठेवायचं, आणि ज्याच्यावर माणसाचा जीव अवलंबून आहे ते पडद्यामागे कसंही कोंबायचं. आणि कोणी साफ करतो म्हणाला तर तो हळू काम करणारा, जुन्या वळणाचा, कटकट्या. सरांना ऑफिसात हेच म्हणायचे. त्यात मीही हसायचो.

त्यानंतर महिन्याभरात सर पुतणीच्या लग्नासाठी तीन दिवस मालेगावला गेले. बस पकडायची घाई होती. माझ्या कीबोर्डखाली चिठ्ठी होतीच. काय केलं, काय राहिलं, सगळं होतं. शेवटी लिहिलं होतं: "कशाला भ्यायचं: घंटेच्या टी-वन, टी-टूला मी येईपर्यंत हात लावू नये." एवढंच. का ते लिहिलं नव्हतं. सरांनी 'का' लिहायचं गाळलेलं मी त्या एकाच चिठ्ठीत पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी निफाडजवळच्या एका कोल्ड स्टोरेजमधून तक्रार आली. घंटा सारखी उगीच वाजते, कामगार वैतागलेत, थोडा जास्त वेळ द्या. मी कोड उघडला. टी-वन होतं वीस, आणि ते सेकंद आहेत हे मला माहीत होतं. टी-टू होतं एक. मला वाटलं, एकच सेकंद? मग वाजणारच उगीच. मी चिठ्ठी पुन्हा वाचली आणि नीलेश सरांना फोन केला.

"सर, अन्सारी सरांनी चिठ्ठी ठेवलीय, याला हात लावू नका म्हणून."

"अरे, ते चिठ्ठ्याच लिहितात. क्लायंट माझ्या डोक्यावर बसलाय. आकडा वाढव आणि पाठव."

मी एकाच्या जागी तीस केले. अर्धा मिनिट, अशा समजुतीने. आमच्याकडच्या बटणावर करून बघितलं. बटण दाबलं, दहा सेकंदांत दार उघडल्याची खूण दिली, घंटा वाजली नाही. छान. पाठवून दिलं. दार उघडलंच नाही तर घंटा कधी वाजते, हे बघायला मी थांबलो नाही.

दोन दिवसांनी, दुपारी जेवणाच्या सुट्टीत, त्या कोल्ड स्टोरेजमध्ये काम करणाऱ्या सुमनताई राहिलेली लेबलं आणायला खोलीत गेल्या. कोणीतरी बाहेरून दार लावून जेवायला गेलं. आतून दार उघडायची दांडी आधीपासून बिघडलेली होती. त्यांनी बटण दाबलं. घंटा वाजली नाही. पुन्हा दाबलं. अर्धा तास त्या शून्य अंशात, पंख्यांच्या वाऱ्यात, साडीवर, दार बडवत होत्या. बरोबर तिसाव्या मिनिटाला घंटा वाजली. प्रोग्रामने सांगितलेलं काम चोख केलं. त्यांना बाहेर काढलं तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं, आणि उजव्या हाताची दोन बोटं दारावर मोडली होती. त्या हंगामात त्यांच्या हातात द्राक्षं कापायची कात्री बसली नाही.

सर लग्नाहून आले ते थेट या बातमीत. त्यांनी कोड छापून घेतला, खिडकीपाशी उभे राहिले आणि या वेळी मोठ्याने वाचला नाही. मला फक्त विचारलं, "तीस काय?"

"सेकंद, सर."

त्यांनी डोळे मिटले.

चार दिवसांनी कोल्ड स्टोरेजचे मॅनेजर आले. त्याआधी नीलेश सरांनी मला आत बोलावलं. "तू घाबरू नको. तुझ्यावर येऊ देत नाही. फक्त मध्ये बोलू नको." मला घर दिसलं, आई दिसली, गावात वाटलेले पेढे दिसले. मी मान हलवली.

मीटिंगमध्ये नीलेश सरांनी अहवाल वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की वरिष्ठ अभियंता श्री. अन्सारी हे कनिष्ठांना कोणतीही सूचना न देता रजेवर गेले, त्यामुळे ही चूक घडली.

कोणतीही सूचना न देता. ज्या माणसाने आयुष्यात दुसरं काही केलं नाही, त्याच्यावर नेमकं हेच.

सर उभे राहिले. "हे खोटं आहे. नाव चुकीचं होतं हे मी तीनदा लिहून दिलं. चौथ्यांदा द्यायला हवं होतं, दिलं नाही, ही माझी चूक. पण सूचना दिली होती. मी चिठ्ठी ठेवली होती."

"कुठे आहे?" नीलेश सरांनी विचारलं.

सर माझ्याकडे वळले. "गावित, चिठ्ठी होती का?"

चिठ्ठी माझ्या खिशात होती. शर्टाच्या वरच्या खिशात, चौघडी घातलेली. मी ती सकाळी मुद्दाम घेऊन आलो होतो, का ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी नीलेश सरांकडे पाहिलं.

"मला… आठवत नाही, सर."

मॅनेजरांनी पेनाचं टोपण लावलं. सर बसले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मला "अहो गावित साहेब" म्हणाले असते तरी मी जमिनीत गेलो असतो, पण तो एक हिशोब झाला असता. ते काहीच म्हणाले नाहीत. त्या शुक्रवारी त्यांनी राजीनामा दिला, म्हणजे त्यांच्याकडून तो घेतला.

केक झाल्यावर मी टॉवेल धुतला, पिशवीत घातला आणि द्वारकेच्या चौकात गेलो. सर मालेगावच्या गाडीची वाट बघत उभे होते. थर्मास खांद्याला, काखेत छापलेल्या कागदांचा गठ्ठा. मी टॉवेल पुढे केला.

"ओला आहे," ते म्हणाले.

"धुतला, सर. सर, मी…"

"तू जेवलास का?"

ट्रक जात होते, रिक्षावाले ओरडत होते. सर म्हणाले, "घाईत 'का' लिहायचं राहिलं बघ माझं. मिनिटं आहेत, एवढे दोन शब्द. ते लिहिले असते तर तू थांबला असतास. चिंधी मी बांधली, पण कुठल्या दोऱ्याला ते सांगितलं नाही."

मला त्यांचा भयंकर राग आला. अजून येतो. ज्याने खोटं बोलून त्यांची नोकरी घालवली त्याच्यासमोर उभे राहून ते स्वतःची चूक शोधत होते. गाडी आली. ओला टॉवेल थर्मासच्या पट्ट्याला बांधून ते चढले. खिडकीतून त्यांनी हात केला नाही. त्यांनी गठ्ठ्यातला वरचा कागद काढला आणि वाचायला लागले. गाडी उड्डाणपुलाखालून गेली तोवर मला त्यांचं हलणारं तोंड दिसत होतं.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. त्या अपघातानंतर आमच्या ऑफिसने काय बदललं? तीसचे पुन्हा एक केले. बस. नाव टी-टूच राहिलं. सुमनताईंच्या बोटांनंतरही कोणाला ते नाव बदलावंसं वाटलं नाही. त्यात मीही आलो. तेव्हा मी गप्प होतो, आणि एकदा गप्प बसलं की पुढचं गप्प बसणं सोपं जातं.

गेल्या महिन्यात सिन्नरच्या एका नव्या कोल्ड स्टोरेजचं काम आलं. ते ऋतुजाकडे होतं, ती नवीन लागलेली, हुशार. तिने कोड दाखवला. हल्ली कोड लिहून देणारी साधनं आलीत, तिने जुन्या प्रोग्रामवरून त्यांच्याकडून तासाभरात सगळं करून घेतलं होतं. मी वाचत गेलो. स्वच्छ, देखणा कोड. आणि मध्ये: टी-वन वीस, टी-टू वीस.

"हे टी-टू वीस कसं केलंत तुम्ही?" मी विचारलं. मी तिला कधीच अहो म्हणत नाही. ती दचकली.

"वरचं वीस होतं ना सर, म्हणून एकसारखं केलं. का? चालतंय की. टेस्ट पास झाली."

मी काय बोललो ते मला नीट आठवत नाही. मीनाताई उठून आल्या एवढं आठवतं. त्या म्हणाल्या, "गावित, तुम्ही अगदी त्यांच्यासारखे ओरडलात." मला ते कौतुक झेपलं नाही. त्यांच्यासारखं ओरडायचा मला काय अधिकार होता? ती चिठ्ठी अजून माझ्याकडे होती.

सर मालेगावात आता मुलांना कॉम्प्युटर शिकवतात, असं मीनाताईंकडून कळलं. पत्ता त्यांनीच दिला. मी पाठवलेलं पत्र असं:

आदरणीय सर,

सलाम. तुमच्या चिठ्ठीच्या पद्धतीनेच लिहितो. फक्त 'काय राहिलं' हे मुद्दाम शेवटी ठेवलं आहे.

काय केलं. टी-टूचं नाव बदललं. आता ते 'घंटेआधी_थांबायचे_सेकंद' असं आहे, आणि मिनिटांचा हिशेब सेकंदांत आणला आहे. वर एका ओळीत का ते लिहिलं आहे. साठाच्या वरचा आकडा घातला तर प्रोग्राम सुरूच होत नाही. हे करायला मला चार दिवस लागले, आणि मी कोणाची परवानगी घेतली नाही. जिथे जिथे आपला प्रोग्राम आहे तिथे तिथे स्वतः जाऊन, खोलीत शिरून, दार लावून घेऊन घंटा वाजेपर्यंत आत उभा राहिलो. सर, तिथला एक मिनिटसुद्धा फार मोठा असतो.

काल निफाडला सुमनताईंकडे गेलो. तुमची चिठ्ठी त्यांना वाचून दाखवली. आकडा मी भरला, चिठ्ठी मी वाचली होती आणि मीटिंगमध्ये मी खोटं बोललो, हे सांगितलं. तुम्ही तेव्हाच दवाखान्यात जाऊन त्यांना सगळं समजावून आला होतात, हे मला तिथे कळलं. त्या म्हणाल्या, "त्या मास्तरांनी तुझं नाव नाय घेतलं, भाऊ. आमचीच चूक हाय, येवढंच म्हनले. लय वेळ बसले. तू दोन वर्सं काय करत व्हता?" त्यांनी चहा दिला. कप डाव्या हाताने दिला.

चिठ्ठीची एक झेरॉक्स तिथल्या मॅनेजरांना दिली. एक नीलेश सरांच्या टेबलावर ठेवली, तिच्याखाली त्यांनी फोनवर काय सांगितलं होतं तेही लिहिलं आणि सही केली. नोकरीचं काय होईल ते सोमवारी कळेल. आईला आधीच सांगून ठेवलं आहे.

का केलं. तीच चूक पुन्हा सिन्नरला निघाली होती. ती मुलगी माझ्यापेक्षा हुशार आहे, तरी तिने तेच केलं जे मी केलं. लाल चिंधी माझ्या खिशात होती.

कशाला भ्यायचं. माझ्यासारख्याला, सर. ज्याला सगळं माहीत असतं आणि जो सांगत नाही. पहिल्या आठवड्यात तुम्ही मला हेच विचारलं होतं.

काय राहिलं. तुमची मूळ चिठ्ठी सोबत पाठवतो आहे. ती तुमची आहे. आणि सगळ्यांसमोर तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर राहिलं होतं.

होती, सर. माझ्या खिशात होती.

तुमचा,
गावित